पडद्यावरच्या बाईच्या हाती सुया आल्या की बाळाचेच मोजे का?

एक_सुलट_एक_उलट (फोंडा)

हिंदी-मराठी सिनेमात किंवा मालिकेत बाई विणताना दिसली की पुढचा प्रसंग न बघता सांगता येतो. एक तर तिला दिवस गेलेले असतात, आणि तोंडाने सांगण्याऐवजी नवऱ्यापुढे इवलासा मोजा धरला जातो. नाहीतर ती आजी असते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, लोकरीचा गुंडा मांजरापाशी. नाहीतर मग डोंगरावरच्या बोर्डिंग शाळेतली कडक, बिनलग्नाची बाई. म्हणजे होणारी आई, होऊन गेलेली आई आणि कधीच न झालेली आई. चौथ्या बाईला सुया द्यायची पडद्यावर सोयच नाही.

मी लहानपणापासून विणते. गोव्याच्या उकाड्यात, फोंड्यात स्वेटर कशाला लागतो, हा प्रश्न इथे कुणी विचारू नये. तो घरात विचारला जातो तेवढा पुरे. मी विणते ते बहुतेक स्वतःसाठीच. सुती शाली, पिशव्या, बिनबाह्यांचे टॉप. तरी कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये सुया काढल्या की शेजारच्या बाईचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुणाच्या घरी पाळणा हलतोय गो?"

तर मी एक चाचणी काढली आहे. अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या चित्रमालिकेतली १९८५ सालची चाचणी बऱ्याच जणांना माहीत असेल: सिनेमात निदान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला हव्यात. त्याच चालीवर माझी. बाई विणतेय का? बाळासाठी नाही ना? पुरुषासाठी नाही ना? सिनेमा, मालिका, पुस्तक, काहीही चालेल. उत्तीर्ण झालेल्या बायका सांगा.

सोलकढी_वाढा

पहिली! आता वाचते.

खांब_साखळी (म्हापसा)

क्रोशे धरायचं का यात? दोन सुयावाल्या आम्हाला हलक्यात घेतात म्हणून आधीच विचारून ठेवते.

एक_सुलट_एक_उलट

धरायचं. एका सुईचा मान दोन सुयांइतकाच.

निवांत_पणजीकर

यात एवढं काय आहे? दिग्दर्शकाला 'घरात बाळ येणार' हे दोन सेकंदांत सांगायचं असतं. मोजा दाखवला, काम झालं. डॉक्टर म्हटलं की गळ्यात स्टेथोस्कोप, वकील म्हटलं की काळा कोट, तसंच हे. बाईवर अन्याय कुठे झाला? प्रत्येक ठिकाणी पितृसत्ता हुडकत बसलं तर सिनेमा बघायची मजा जाते. आमची बायको क्रोशे करते. तिला विचारलं, तुझं काय मत? म्हणाली, गप्प बसा, टाके मोजतेय.

एक_सुलट_एक_उलट

निवांतराव, वयनींचं, म्हणजे तुमच्या बायकोचं, हे वाक्य तुम्ही कुठल्या सिनेमात ऐकलंय? तिथली विणणारी बाई कधी "गप्प बसा, मोजतेय" म्हणत नाही. कुणीही, कधीही येऊन बोलावं, ती हसून मान वर करते. पडद्यावरचा डॉक्टर निदान नाडी तरी धरतो. इथे पुढच्या वेळी हात नीट बघा. नटी दोन सुया एकमेकींवर वाजवत असते, धागा बोटावर घेतलेलाच नसतो. त्या वेगाने बाळ दहावी पास होईल, मोजा टाचेपर्यंत पोचणार नाही.

खांब_साखळी

हातांबद्दल प्रचंड अनुमोदन. मी एकदा मालिकेत एका बाईच्या हातात क्रोशाची सुई आणि मांडीवर दोन सुयांवर विणलेला स्वेटर पाहिलाय. सेटवर शंभर माणसं असतील, पण विणणारं माणूस एकही नव्हतं.

जुनी_पानं (पणजी)

उदाहरणं हवीत तर घ्या.

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. १९२७ मधल्या तिच्या पहिल्याच गोष्टीत ती पांढरं, मऊ काहीतरी विणत बसलेली आहे. भोवती स्कॉटलंड यार्डचे निवृत्त बडे साहेब, वकील, पाद्री, लेखक भाचा. गुन्ह्याच्या गोष्टी सांगून सगळे डोकी खाजवतात, आणि उत्तर विणणारी म्हातारी देते. विणणाऱ्या बाईकडे कुणी लक्ष देत नाही, हा जगाचा समज लेखिकेने ओळखला आणि बाईंच्या हाती हत्यार म्हणून दिला. पण तुमच्या चाचणीत ती नापास. पुढच्या कित्येक गोष्टींत ती नात्यातल्या तान्ह्या मुलांसाठीच विणते.

दुसरी मादाम दफार्ज. डिकन्सच्या १८५९ च्या कादंबरीतली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली. ही दारूच्या गुत्त्यात बसून विणते, आणि ज्यांना मारायचंय त्यांची नोंद विणकामातच करून ठेवते. बाळासाठी नाही, पुरुषासाठीही नाही. पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण.

तिच्यामागचा खरा इतिहास मात्र वेगळा आहे आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बाजारातल्या बायका भाकरीच्या भावासाठी व्हर्सायवर चालून गेल्या आणि राजाला पॅरिसला घेऊन आल्या. क्रांतीत त्यांचा केवढा मान होता. पुढे १७९३ मध्ये त्याच क्रांतीने बायकांच्या राजकीय मंडळांवर बंदी घातली. आणि जनमानसात कोण उरल्या? गिलोटिनखाली मुंडकी पडताना मजेत विणत बसलेल्या चेटकिणी. राजाला खेचून आणणाऱ्या बायकांचं एवढंच चित्र शिल्लक राहिलं, हे मला त्या कादंबरीपेक्षा भयंकर वाटतं.

सोलकढी_वाढा

म्हणजे उत्तीर्ण झालेली एकुलती एक बाई खुनी. छान चाललंय.

रानवाट_सत्तरी

थोडं अवांतर, पण फार नाही. बहिणाबाई चौधरींची सुगरण आपण सगळे शाळेत शिकलो. पिलांसाठी खोपा विणणारी आई. आमच्या वाळपईकडे पावसात शेताच्या कडेच्या माडांवर हे खोपे लटकलेले दिसतात, आणि जरा वेळ उभं राहिलं तर विणणारा कोण तेही दिसतं. तो नर असतो! पिवळ्या डोक्याचा. भाताच्या नाहीतर गवताच्या पातीची लांब पट्टी चोचीने फाडून आणतो, गाठ मारतो, आतबाहेर ओवतो. खोपा शिरस्त्राणाएवढा झाला की मादी तपासणीला येते. पसंत पडला तर पुढची नळी विणायची. नाही पडला तर तो तसाच लटकत सोडून दुसरा घ्यायचा. मादी नंतर आतून अस्तर घालते, अंडी उबवते. पण विणकाम त्याचं.

एक_सुलट_एक_उलट

हा तर बाळाच्या मोज्याचा पक्षी-अवतार! विणणारा दिसला, बाळ दिसलं, म्हणजे ती आईच असणार.

तारवटी

नापसंत खोप्यांची गोष्ट वाचून त्या पक्ष्याबद्दल फार आपुलकी वाटली.

आबोली (डिचोली)

सगळ्यांना हात जोडून सांगते, बहिणाबाईंना या भानगडीत ओढू नका. त्या पक्षिशास्त्राचा तास घेत नव्हत्या. लिहिता-वाचता न येणारी बाई, शेतात आणि जात्यावर काम करता करता गाणी जुळवत होती. ती गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. अशा बाईला खोप्यात आईचे कष्ट दिसले तर दिसू द्या की. तिचा विषय तो होता.

उलट मला त्यातून दुसरंच सुचतं. किती बायकांची गाणी कुणी टिपली नाहीत? माझ्या आजेसासूबाईंना शंकरपाळ्याची एक वीण येत होती, उलट बाजूलाही तितकीच देखणी दिसणारी. कागदावर कधी उतरवली नाही, आम्हीही विचारलं नाही. आता एक मफलर आहे फक्त. तो भिंगातून बघून मी टाके काढायचा प्रयत्न करते, पण आतल्या दोन ओळींत ती काय करत होती ते काही केल्या उमगत नाही.

खांब_साखळी

आबोलीताई, मफलरचे जवळून फोटो टाका ना, दोन्ही बाजूंचे. दहा डोकी लागली तर निघेल.

तारवटी

मी विणतो. पुरुष आहे, बार्देशचा, वर्षातले बरेच महिने मालवाहू जहाजावर असतो. गोव्यात घरटी एक माणूस तारवार, म्हणजे बोटीवर, ही जुनीच रीत. त्यातला सुया घेऊन जाणारा मी निराळा असेन. आवयकडून, म्हणजे आईकडून शिकलो. तिने टोपीपर्यंत शिकवलं, पुढचं व्हिडिओ बघून.

पहिल्या बोटीवर सगळ्यांनी खूप चिडवलं. "वहिनी" म्हणायचे. मग उत्तर समुद्रात थंडी पडली आणि डेकवर काम करणाऱ्यांनी हळूच येऊन विचारलं, एक टोपी होईल का? कान झाकणारी? मी फुकट दिली नाही. एका टोपीला माझी एक रात्रपाळी त्याने करायची. टोप्यांची मागणी एवढी वाढली की मी काही आठवडे रात्री नीट झोपलो.

इतिहासात विणणं पुरुषांचंही होतं. युरोपात मोजे विणणाऱ्यांचे संघ होते आणि त्यांत कारागीर पुरुष. मोजे विणायचं यंत्र १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये ज्याने काढलं तो विल्यम ली. हातांनी विणणाऱ्यांचं पोट जाईल म्हणून राणी एलिझाबेथने त्याला मक्ता दिला नाही असं सांगतात. धंदा होता तोवर पुरुषाचा, घरात आला तेव्हा बाईचा छंद.

आणि २०२१ चं टोकियो ऑलिंपिक आठवा. टॉम डेली, सूर मारणारा इंग्रज खेळाडू. सुवर्णपदक मिळालं, आणि पदकाला चरे पडू नयेत म्हणून त्याने स्वतः पिशवी विणली. प्रेक्षकांच्या बाकांवर बसून विणतानाचे त्याचे फोटो जगभर छापून आले. मला फार आनंद झाला. पण एरवी अशा स्पर्धांना किती बायका खेळाडूंच्या आया, मावश्या म्हणून विणत बसल्या असतील, त्यांचा फोटो कुणी काढला असता का?

सोलकढी_वाढा

टोपीला रात्रपाळी! तारवटीदादा, आम्हाला हा हिशेब कुणी शिकवलाच नाही.

एक कायदेशीर शंका. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी. मग माझ्या कपाटातली अर्धी लोकर नवऱ्याची का?

निवांत_पणजीकर

अर्थात. आणि अर्धा गुंताही.

सोलकढी_वाढा

गुंता पूर्ण तुमचा. तुमच्याच हातून होतो.

साश्टीची_बाय

माझी मराठी थोडी कोंकणी वळणाची आहे, सांभाळून घ्या. आमच्या साश्टीत, म्हणजे सासष्टी तालुक्यात, कॅथलिक घरांत क्रोशे असायचंच. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर शिकवायच्या. घरच्या आल्ताराचं, म्हणजे वेदीचं कापड, बाप्तिस्म्याचा झगा, ट्रेवरचा रुमाल. आईच्या ट्रंकेत अजून आहेत, पांढरे, इस्त्री केलेले. पाहुणे आले तरच बाहेर निघायचे. सुई धरायला शिकले तेव्हा सिस्टरनी सांगितलेलं आठवतं, हात गुंतलेले असले की मनात वाईट विचार येत नाहीत. मला मात्र सगळे वाईट विचार क्रोशे करतानाच येतात. दुसरा निवांत वेळ असतो कुठे?

एक_सुलट_एक_उलट

बाय, तुम्ही रोज लिहा इथे.

खांब_साखळी

आता मी जरा लांब लिहिते, कारण गोव्यात राहून ही गोष्ट कुणी बोलत नाही.

हणजूणच्या बुधवारच्या बाजारात, किनाऱ्यावरच्या दुकानांत क्रोशाचे टॉप लटकलेले असतात. बिकिनीचे, झालरीचे, सूर्यफुलांचे. पर्यटकांसाठी ती गोव्याची खूण झालीय. गाण्यांच्या चित्रणात नायिका किनाऱ्यावर आली की अंगात हेच. आता मुद्दा असा की दोन सुयांचं विणकाम यंत्रावर होतं, तुमचे दुकानातले सगळे स्वेटर यंत्राचे. पण खरं क्रोशे यंत्राला जमत नाही. त्यासारखी दिसणारी जाळी यंत्र काढतं, पण क्रोशाचे टाके, खांब, साखळी, गोलात विणलेली चौकट, हे सगळं हातानेच. म्हणजे दुकानात साडेतीनशेला लटकलेला खऱ्या क्रोशाचा टॉप कुठल्यातरी बाईच्या हाताने झालाय. दुकानवाल्याचा नफा, मधल्या माणसाचा, धाग्याची किंमत वजा करा, मग तिच्या हाती काय पडलं असेल याचा अंदाज करा.

मी म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात आणि नाताळच्या आधीच्या विक्रीला माल लावते. साधा टॉप करायला मला कित्येक संध्याकाळी जातात. मी त्याला धागा आणि वेळ धरून भाव लावला की गिऱ्हाईक, तेही बहुतेक बाईच, म्हणते, "एवढे? घरी बसूनच करता ना तुम्ही?" आणि तीच बाई, ब्रँडच्या दुकानात तसाच टॉप चार पट भावाने, काही न बोलता घेते. एकीने तर मला सांगितलं, तुम्हाला आवड आहे म्हणून करता, त्याचे पैसे काय घ्यायचे! दाताच्या डॉक्टरला असं सांगून बघा म्हटलं.

मला सिनेमातल्या मोज्यापेक्षा त्या नायिकेच्या अंगातल्या टॉपचा राग जास्त येतो. कपड्यावर कॅमेरा फिरतो, तो विणला कुणी ते कधी येत नाही.

निवृत्त_मास्तरीण (मडगाव)

खांब_साखळी, तुमच्या या एका प्रश्नावर आख्खं पुस्तक आहे. आंध्रात पश्चिम गोदावरी भागात नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला, १९८२ मध्ये तो इंग्रजीत छापून आला. माल परदेशी बाजारात जातो, व्यापार पुरुषांच्या हाती, पण विणणाऱ्या बाईला कामगार कुणीच म्हणत नाही, ती स्वतःसुद्धा नाही. ती गृहिणी, फावल्या वेळात करते. दिवसाचे सहा-सात तास गेले तरी तो फावला वेळच! एकदा वेळ फावला ठरला की मजुरी किती द्यायची हा प्रश्नच उरत नाही. तुमच्या गिऱ्हाइकाचं "घरी बसूनच करता ना" हे त्याच जातीचं वाक्य.

निवांत_पणजीकर

पण बाई, छंद आणि मजुरी एकत्र कशाला करायची? मी रविवारी मांडवीवर गळ टाकून बसतो, त्याचे पैसे कुणाकडे मागू? चर्चेचा हा धागा छंदाबद्दल होता.

निवृत्त_मास्तरीण

तुम्ही गळ टाकून बसता तेव्हा घरी माशांची आमटी कोण करतं, एवढंच विचारते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची दिवसाला २९९ मिनिटं त्यात जातात, आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ९७. तुमचा रविवार आणि वयनींचा रविवार एका मापाचा नाही. म्हणून बायकांचे छंद बघा कसे असतात: हात चालू, डोळा गॅसवर, कान दारावर, केव्हाही खाली ठेवता येतील असे. गळ मध्येच सोडून उठावं लागलं तर तुम्ही किती वेळ टिकाल?

निवांत_पणजीकर

मासे मीच साफ करतो, नोंद घ्यावी. बाकी मान्य नाही असं म्हणवत नाहीये.

पर्वरीची_पोर

हाय सगळ्यांना! मी रील्स बघून क्रोशे शिकले. फुलं, चावीला लावायची खेकडी वगैरे करते. माझ्या कॉलेजात विणणं कूल आहे हो, आजीपण वगैरे कुणी म्हणत नाही. मला वाटतं हे बदललंय. आणि २०१७ मध्ये अमेरिकेतल्या बायकांच्या मोर्चात गुलाबी, मांजरीच्या कानांच्या टोप्या होत्याच की, हजारो जणींनी विणलेल्या. नंतर त्या गुलाबी रंगावरून, त्यात कोण बसतं कोण नाही यावरून भांडणंही झाली, पण टोप्या दिसल्या तरी जगाला.

माझा प्रश्न वेगळाच आहे. पावसात माझ्या लोकरीला कुबट वास येतो आणि स्टीलच्या सुयांना गंज चढला. काय करू?

एक_सुलट_एक_उलट

गोव्यात लोकर हा हट्ट आहे, मी तो सोडला. सुती धागा घे. फक्त सुती टॉप जड होतो आणि धुतल्यावर लांबतो, म्हणून लांबी कमी धरून विण. आधी हातभर चौकोन विणून, धुऊन, वाळवून माप घे. कंटाळा येतो, पण नाहीतर टॉपचा झगा होतो.

साश्टीची_बाय

ट्रंकेत कापूर आणि कडुनिंबाची सुकी पानं. आईचं तेच.

खांब_साखळी

झाकण घट्ट बसणारा डबा, आत औषधांच्या बाटल्यांतल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. ऊन पडलं की तासभर सगळं बाहेर, पण रंगीत धागा सावलीत. गंजलेली सुई धाग्याला लावू नकोस, डाग जात नाही. बांबूच्या घे. घामट हातांना त्याच बऱ्या, अ‍ॅक्रिलिकचा धागा प्लॅस्टिकच्या सुईवर चिकटतो.

तारवटी

बोटीवर मी बांबूच्याच नेतो. घेताना मिलिमीटर बघून घे, नंबरावर जाऊ नकोस. जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीन. मी पहिल्यांदा उलटं समजून बसलो आणि माकडाला बसेल अशी टोपी झाली.

संपादक

धागा पितृसत्तेवरून बुरशीवर आलेला आहे. दोन्हीवर लिहायला हरकत नाही, फक्त खाकरून विषय बदला.

आबोली

खाकरते. मूळ चाचणीबद्दल मला सुरुवातीपासून काही खटकतंय, ते आता नीट सांगता येतंय.

तुमच्या चाचणीत बाळासाठी विणलं की बाई नापास. का? मी भाचीचा बाळंतविडा विणला. झबलं, टोपडं, कुंची. ती मुलगी सातव्या महिन्यात घाबरलेली, मी इकडे रात्री झोप येत नाही म्हणून विणत बसायची. त्यात मी कुणाची दासी नव्हते. दुसऱ्यासाठी केलेलं काम कमी दर्जाचं आणि स्वतःसाठी केलेलं तेवढं मुक्त, हे कुणी ठरवलं? सिनेमाने बाईला मोज्यात कोंबलं हे खरं, पण तुम्ही त्या मोज्यालाच नापास करताय. तारवटीदादांनी सगळ्या टोप्या पुरुषांसाठीच विणल्या, ते पास का?

तारवटी

मी रात्रपाळीवर पास आहे.

एक_सुलट_एक_उलट

आबोलीताई, यावर मी दोन दिवस विचार केला.

बाळंतविड्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही आत्ता जे लिहिलंत, रात्रीची झोप नाही, भाचीची काळजी, हातात कुंची, हा प्रसंग मला पडद्यावर दाखवा, मी त्याला पहिला नंबर देईन. तो दाखवत नाहीत. तिथे मोजा आपोआप होतो. कुणाचा टाका सुटत नाही, कुणी वीस ओळी उसवत नाही, कुणी धागा पुरेल की नाही म्हणून जीव टांगणीला लावून शेवटच्या ओळी विणत नाही. खांब_साखळीच्या गिऱ्हाइकाला जे वाटतं, की हे नुसतं बसल्या बसल्या होतं, ते तिथूनच तर आलंय. म्हणून चाचणीतलं बाळ आणि पुरुष दोन्ही काढून टाकते. नवी चाचणी एकाच प्रश्नाची: ती उसवते का?

जुनी_पानं

वा! मग मला एक आठवली. १९६१ चा 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज'. ऑड्री हेपबर्न शेवटाकडे एक लांबलचक लाल प्रकरण विणत असते आणि तिलाच शंका येते की विणकामाचा नमुना आणि घराचा नकाशा यांची अदलाबदल झालीय, आपण बहुधा घरच विणतोय. सुया चालवताना काहीतरी गडबड होऊ शकते, एवढं तरी त्या प्रसंगाला माहीत आहे. उसवत नाही, पण अर्धे गुण द्या.

खांब_साखळी

पाऊण द्या. असं प्रकरण माझ्याकडेही आहे, पलंगाखाली.

निवांत_पणजीकर

बायकोला हा धागा वाचायला दिला. तिने दोनच गोष्टी सांगितल्या. एक, मासे मी साफ करतो पण सिंक नाही. दोन, आबोलीताईंच्या मफलरचा फोटो मोठा करून पाहिला. तिच्या मते आतल्या दोन ओळींपैकी एका ओळीत टाका विणलेलाच नाही, धागा पुढे घेऊन टाका नुसता उजव्या सुईवर सरकवलाय, आणि परतीच्या ओळीत तो दोन्ही धाग्यांसकट विणलाय. म्हणून उलट बाजूही भरीव दिसते. मला यातलं काहीही कळलेलं नाही, ती सांगते तसं टंकतोय.

आबोली

अगो बाई!! वयनींना सांगा, आत्ता बारा टाक्यांवर करून बघते.

सोलकढी_वाढा

टंकलेखकाला चहा द्या कुणीतरी.

आबोली

जमलं. एका बाजूला अगदी तसंच येतंय. दुसऱ्या बाजूला शंकरपाळी जरा तिरकी पडते, म्हणजे परतीच्या ओळीत अजून काहीतरी आहे. वयनी, तुम्ही स्वतःच सभासद व्हा ना, निरोप्यामार्फत किती बोलायचं?

पर्वरीची_पोर

आपण सगळे एकदा भेटूया का? पणजीला कांपालच्या बागेत, रविवारी संध्याकाळी? मफलर घेऊन या आबोलीताई. मला दोन सुयांचं शिकायचंय, फक्त सुरुवातीचे टाके कसे घालायचे ते समोर बसून कुणी दाखवलं तर.

साश्टीची_बाय

मी येते. ट्रंकेतला एक रुमाल आणते.

तारवटी

मी पुढच्या महिन्यात उतरतो. तोवर शिल्लक धागा कुणी विकणार असेल तर राखून ठेवा, गडद निळा, चार पदरी. रात्रपाळी बदल्यात देता येणार नाही, रोख देईन.

निवांत_पणजीकर_वयनी

नमस्कार. सभासद झाले. आबोली, परतीच्या ओळीत सरकवताना टाका उलट बाजूने उचलून बघ, मागच्या धाग्यातून. आणि रविवारी सहानंतर ठेवा, पाचला हे गळ घेऊन निघतात, सिंक आधी करून जातील.